एक्स्चेंज प्रोग्रॅम करून आलात आणि मुंबईत काहीतरी करायचंय? छोट्या ग्रँटचा पूर्ण रस्ता

फुलब्राइट, आयव्हीएलपी, हम्फ्री, केनेडी-लुगर येस (शाळकरी मुलांचा), कम्युनिटी कॉलेज, अमेरिकन सरकारच्या या एक्स्चेंज प्रोग्रॅमपैकी कुठलाही करून आलेली माणसं मुंबईत भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आपल्या एरियासाठी काहीतरी करायचं असतंच. पण अ‍ॅल्युम्नींसाठी (म्हणजे असे प्रोग्रॅम करून आलेल्यांसाठी) छोट्या ग्रँट असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि माहीत असतं ते डेडलाइनच्या आठवडाभर आधी प्रपोजल लिहायला बसतात. मी या अर्जांमध्ये बऱ्याच टीमना मदत केलीये आणि माझं मत पक्कं झालंय की अर्ज लिहिणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. पैसा कुठल्या खात्यात येणार, काम नक्की कोणासोबत करणार आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यांत करणार, या तीन गोष्टी आधी बसल्या पाहिजेत. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितेय.

आधी तुम्ही कुठल्या ग्रँटमध्ये बसता ते बघा

अमेरिकन सरकारच्या पैशातून चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या अ‍ॅल्युम्नींसाठी सगळ्यात माहितीतली स्पर्धा म्हणजे अ‍ॅल्युम्नी एंगेजमेंट इनोव्हेशन फंड, सगळे एईआयएफ म्हणतात. ही 2011 साली सुरू झाली. गेल्या काही वर्षांच्या, अर्ज मागवणाऱ्या नोटिशींमध्ये रक्कम 5 हजार ते 35 हजार डॉलर आणि टीममध्ये किमान दोन अ‍ॅल्युम्नी अशी अट होती. अटी वर्षागणिक बदलतात त्यामुळे मित्राने फॉरवर्ड केलेली जुनी पीडीएफ वापरू नका, त्या वर्षीची नोटीस दूतावासाच्या किंवा कॉन्सुलेटच्या साइटवरूनच घ्या आणि प्रिंट काढून, पेन्सिल घेऊन, शेवटच्या पानापर्यंत वाचा.

याशिवाय अ‍ॅल्युम्नी टाइज नावाची सेमिनार होत आलीयेत, त्यात निवड झालेल्यांना नंतर छोट्या ग्रँटसाठी अर्ज करता येत आलाय, येसवाल्या मुलांसाठीही वेगळ्या छोट्या अ‍ॅल्युम्नी ग्रँट असतात. ब्रिटनच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपवाल्यांसाठी चेव्हनिंग अ‍ॅल्युम्नी प्रोग्रॅम फंड आहे. रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमधून जाऊन आला असाल तर तिथला रस्ता वेगळा आहे, तिथे अर्ज रोटरी क्लब आणि डिस्ट्रिक्ट (म्हणजे रोटरीचा विभाग) यांच्यामार्फत जातो, मुंबईचं डिस्ट्रिक्ट 3141. रोटरीची ग्लोबल ग्रँट किमान 30 हजार डॉलरच्या प्रोजेक्टपासून सुरू होते, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यांनी डिस्ट्रिक्ट ग्रँटबद्दल विचारणं बरं. पुढचं सगळं मी एईआयएफ डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय, पण खात्याचं आणि कॅलेंडरचं जे सांगतेय ते परदेशातून पैसा येणाऱ्या कुठल्याही ग्रँटला लागू आहे.

तुमचं प्रोग्रॅमचं सर्टिफिकेट, जे-1 या एक्स्चेंज व्हिसावर गेला असाल तर डीएस-2019 फॉर्म, हे सगळं शोधून स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका. टीममेट शोधताना फक्त आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अवलंबून राहू नका. भारतातला फुलब्राइटचा करार 1950 चा आहे, आयव्हीएलपी 1940 पासून चालूये, म्हणजे दादर-पार्ल्यात रिटायर झालेले प्राध्यापक, डॉक्टर, वकीलसुद्धा तुमचे सह-अ‍ॅल्युम्नी आहेत. एखादी बावीस वर्षांची येसवाली मुलगी आणि एखादे सत्तरीचे फुलब्राइटर सर अशी जोडी जमली ना की काम फार छान होतं, कारण एकाकडे वेळ आणि धावपळ असते आणि दुसऱ्याकडे ओळखी आणि कागदपत्रांचा सराव.

पैसा कुठल्या खात्यात येणार

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी दोनदा वाचा, मुंबईतली कितीतरी चांगली प्रपोजल इथेच अडकतात.

परदेशी सरकार हा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याप्रमाणे परदेशी स्रोत आहे. म्हणजे ग्रँटचा पैसा डॉलरमध्ये आला काय आणि कोणी रुपयांत चेक दिला काय, कायद्याच्या नजरेत तो परदेशी योगदानच, कारण 2010 च्या कायद्यातल्या व्याख्येत भारतीय चलनसुद्धा येतं. सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक कामासाठी असा पैसा घ्यायचा तर केंद्रीय गृहमंत्रालयाचं रजिस्ट्रेशन लागतं नाहीतर त्या कामापुरती आगाऊ परवानगी. चार मित्रांनी मिळून स्वतःच्या सेव्हिंग अकाउंटला पैसे घ्यायचे आणि काम करायचं, हा विचार डोक्यातून काढून टाका.

मग उरतात दोन रस्ते. पहिला म्हणजे तुमची स्वतःची संस्था आहे पण तिचं एफसीआरए रजिस्ट्रेशन नाहीये. रजिस्ट्रेशनसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख खर्च झालेला हवा, वस्तीतल्या छोट्या संस्थांना हे जमत नाही. अशांसाठी आगाऊ परवानगी आहे, पण ती ठराविक देणगीदाराकडून ठराविक रक्कम ठराविक कामासाठीच मिळते, देणगीदाराचं कमिटमेंट लेटर जोडावं लागतं आणि महिने जातात. ग्रँटच्या वेळापत्रकात हे बसवणं अवघड आहे.

दुसरा रस्ता, आणि मी बहुतेकांना हाच सांगते, म्हणजे आधीच एफसीआरए रजिस्ट्रेशन असलेली संस्था पार्टनर म्हणून घ्यायची. पण इथे 2020 ची दुरुस्ती नीट समजून घ्या. पूर्वी मोठी संस्था पैसा घ्यायची आणि खालच्या छोट्या संस्थेला ट्रान्सफर करायची. 29 सप्टेंबर 2020 पासून ते पूर्ण बंद आहे, एका संस्थेकडे आलेला परदेशी पैसा दुसऱ्या कोणालाही पुढे देता येत नाही. म्हणजे पार्टनर संस्था नुसतं पोस्ट ऑफिस होऊ शकत नाही, काम तिनेच राबवायचं, हॉलचं, प्रिंटिंगचं, ट्रेनरचं बिल तिनेच थेट भरायचं, आणि तुम्ही अ‍ॅल्युम्नी त्या कामाची आखणी आणि प्रत्यक्ष मेहनत करणार. हे पहिल्याच मीटिंगमध्ये स्पष्ट बोला, नाहीतर निवड झाल्यावर पैसे आमच्याकडे कधी देताय म्हणून भांडणं होतात.

पार्टनर संस्थेला विचारायच्या गोष्टी: रजिस्ट्रेशन कधीपर्यंत व्हॅलिड आहे, कारण ते पाच वर्षांचं असतं आणि रिन्यू करावं लागतं. सर्टिफिकेटच्या फोटोवर जाऊ नका, रजिस्ट्रेशन खरंच चालू आहे ना याची गृहमंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवरून स्वतः खात्री करा. दिल्लीच्या स्टेट बँक मेन ब्रँचमधलं एफसीआरए खातं चालू आहे ना, कारण सगळा परदेशी पैसा आधी तिथेच उतरतो, मुंबई-ठाण्याच्या संस्थेचाही, आणि मग इथल्या खात्यात आणता येतो. प्रशासकीय खर्चावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे हे त्यांच्या अकाउंटंटला माहीत असतंच, पण बजेट बनवताना त्याला सोबत बसवा.

अजून एक गोष्ट अ‍ॅल्युम्नींमध्ये हमखास निघते. सरकारी नोकर, लोकप्रतिनिधी, निवडणुकीचे उमेदवार, पत्रकार, स्तंभलेखक, संपादक यांना परदेशी योगदान घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. आणि आयव्हीएलपीला तर पत्रकार आणि अधिकारीच खूप जातात! अशा लोकांनी टीममध्ये जरूर असावं, डोकं लावावं, पण त्यांच्या नावावर पैसा नको आणि माझ्या मते मानधनाची ओळही नको. सरकारी नोकरीत असाल तर आपल्या खात्याला लेखी विचारून मगच अर्जावर नाव टाका.

अमेरिकन बाजूचं रजिस्ट्रेशन पण लवकर सुरू करा. पार्टनर संस्थेला सॅम डॉट गव्ह या अमेरिकन सरकारच्या साइटवरून यूईआय नंबर (संस्थेचा ओळख क्रमांक) लागतो, एप्रिल 2022 पासून जुन्या डन्स नंबरच्या जागी हाच चालतो. हे रजिस्ट्रेशन फुकट आहे, पैसे मागणारे ईमेल आले तर सोडून द्या. वेळ जातो तो नाव आणि पत्ता जुळवण्यात. धर्मादाय आयुक्तांच्या सर्टिफिकेटवर "मार्ग" लिहिलंय, बँकेत "रोड" आहे आणि पॅनवर रूम नंबरच नाहीये, असं असलं की फाइल परत येते. म्हणून सगळ्या कागदांवरचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर उतरवून काढा आणि सगळीकडे अगदी तेच टाइप करा.

काम काय करायचं, आणि काय करून चालत नाही

मुंबईत समाजकार्य म्हटलं की पहिलं डोळ्यांसमोर येतं ते वाटप. वह्यावाटप, छत्रीवाटप, धान्याचं किट. त्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाहीये, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा वाटपानेच लोक जगले. पण ही ग्रँट त्यासाठी नाहीये. एईआयएफच्या नोटिशींमध्ये चालत नसलेल्या खर्चांची यादी असते, त्यात मदतकार्य आणि थेट सेवा पुरवणं, पगार, ऑफिसचं भाडं, मोठी उपकरणं, बांधकाम, संशोधन, वैयक्तिक स्कॉलरशिप, भेटवस्तू आणि बक्षिसं, धार्मिक आणि राजकीय काम, निधी गोळा करणं, हे सगळं येतं. ग्रँट कशासाठी आहे तर लोकांना काहीतरी शिकवून, जोडून देण्यासाठी, म्हणजे तुम्ही निघून गेल्यावरही ते चालू राहील.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊया. समजा कुर्ल्याला मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पावसाळी तयारीचं काम करायचंय. ताडपत्री आणि टॉर्च वाटणं या ग्रँटमध्ये बसत नाही. पण दर वस्तीतल्या काही बायकांना पूर्वतयारी शिकवणं आणि त्यांनी मग आपापल्या गल्लीत शिकवणं, हे छान बसतं. काय शिकवायचं? आधार, रेशन कार्ड, मुलांच्या मार्कशीट पिशवीत कशा बांधून पोटमाळ्यावर कुठे ठेवायच्या. पाणी चढायला लागलं की मेन स्विच कोण बंद करणार. महापालिकेचा आपत्कालीन नंबर 1916. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरतीचं टाइमटेबल वाचणं, कारण मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाणी समुद्रात जायला जागाच उरत नाही आणि नाले उलटे भरतात. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतींची यादी महापालिका दरवर्षी काढते, पण ती किती घरांच्या भिंतीवर चिकटलेली असते? ती यादी मराठी, हिंदी आणि उर्दूत एका कार्डावर आणणं, एवढ्या एका गोष्टीवरसुद्धा चांगला प्रोजेक्ट उभा राहतो.

काम एकच घ्या. पावसाळी तयारी अधिक मासिक पाळी अधिक सायबर सुरक्षा अधिक वृक्षारोपण असं कडबोळं केलंत की वाचणाऱ्याला कळतं की तुमचं काहीच ठरलेलं नाहीये.

आणि वस्तीतली माणसं अर्जाच्या आधीपासून सोबत हवीत, अर्ज मंजूर झाल्यावर नाही. बचत गटाच्या ताई, अंगणवाडी सेविका, गणेश मंडळातली पोरं, मशिदीच्या किंवा बुद्धविहाराच्या कमिटीतले लोक, यांच्याशी जाऊन बोला, त्यांना काय नडतं ते विचारा. मग तुमची आयडिया त्यांना मराठीत किंवा हिंदीत दोन मिनिटांत सांगून बघा. एखाद्या मावशीने "बरं आहे, पण आम्ही दुपारी पाण्याच्या टायमाला कशा येणार" असं विचारलं ना, तर ती तुमच्या प्रपोजलची सगळ्यात चांगली परीक्षक आहे, पाण्याची वेळ लिहून घ्या आणि टाइमटेबल बदला.

महापालिकेच्या शाळेत काही करायचं असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी हो वर थांबू नका, शिक्षण खात्याची लेखी परवानगी घ्या आणि तिला लागणारा वेळ प्लॅनमध्ये धरा. मुलांसोबत काम असेल तर पालकांची लेखी संमती, दोन मोठी माणसं कायम हजर, फोटोसाठी वेगळी संमती आणि पॉक्सो कायद्याची टीमला माहिती, हे सगळं पहिल्या दिवसापासून हवं.

मुंबईचं कॅलेंडर आणि ग्रँटचं कॅलेंडर

अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं, त्यामुळे ग्रँटचे करार बहुतेक त्याच्या आत उरकतात. म्हणजे तुमच्या हातात पैसा येईपर्यंत पावसाळा संपत आलेला असतो! कुर्ल्याच्या उदाहरणात जूनची तयारी करायचीये तर नियोजन उलट्या दिशेने करावं लागतं. मुंबईत मान्सून साधारण 11 जूनला येतो. मेमध्ये अर्धी वस्ती गावाला गेलेली असते, कोकणात, घाटावर, यूपीला, तेव्हा वर्कशॉप ठेवलं की रिकाम्या खुर्च्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, त्या घरातली आई कुठेही येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवरात्र, दिवाळी. कुर्ल्यात रमजान कधी येतोय ते आवर्जून बघा, तो दरवर्षी दहा-अकरा दिवस लवकर येतो, रोज्याच्या दिवसांत संध्याकाळची मीटिंग चालत नाही. मग उरतं काय तर दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर आणि परीक्षा झाल्यावर एप्रिल. पहिल्या टप्प्यात प्रशिक्षण, एप्रिलमध्ये गल्लीतल्या बैठका, जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्ड भिंतीवर. शिवाय निवडणुका लागल्या तर आचारसंहितेत महापालिकेचा हॉल आणि परवानग्या अडकतात, म्हणून प्रत्येक टप्प्याला दोन-तीन आठवडे मोकळे ठेवा.

हे असं महिन्यावार, कारणासकट अर्जात लिहिलंत की तुम्हाला ही वस्ती खरंच माहितीये हे वेगळं सांगावं लागत नाही.

बजेट

डॉलर 85 रुपये धरला तर 10 हजार डॉलर म्हणजे साडेआठ लाख. पहिल्यांदा करत असाल तर 35 हजार मागण्यापेक्षा एवढ्यातच नीट बसणारं काम मागा. प्रत्येक ओळीत गुणाकार दिसला पाहिजे. "प्रिंटिंग 60,000" असं नका लिहू, "तीन भाषांतली 1500 कार्डं, लॅमिनेशनसकट, प्रत्येकी 40 रुपये, एकूण 60,000" असं लिहा. प्रेसकडून कोटेशन आधीच घ्या, शक्यतो तीन ठिकाणांहून. भाषांतराचे पैसे वेगळे दाखवा, ते कोणाच्या तरी भाच्याकडून फुकटात करून घेण्याचं काम नाहीये, उर्दूत एक आकडा चुकला तर लोक चुकीच्या दिवशी निर्धास्त झोपतील.

आपल्याकडच्या कार्यक्रमांची एक सवय इथे आवरावी लागते. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, पाहुण्यांचा सत्कार, हे भेटवस्तूत मोडतं, ग्रँटमधून होत नाही. करायचाच असेल तर टीमने स्वतः वर्गणी काढावी आणि त्याचा हिशोब ग्रँटच्या वहीत आणू नये. चहा-नाश्त्याचं बिल माफक ठेवा. स्वयंसेवकांचा प्रवास लोकल, बस, शेअर रिक्षाच्या हिशोबाने धरा, ओला-उबरच्या नाही.

बाकी हॉल कोणी फुकट देत असेल, ट्रेनर अर्ध्या पैशात येत असतील तर ते आपला वाटा म्हणून दाखवता येतं, पण जेवढं नक्की जमणार तेवढंच लिहा, कारण एकदा अर्जात कबूल केलं की त्याचाही कागद द्यावा लागतो.

अर्ज लिहिताना

अमेरिकन सरकारचे फॉर्म म्हणजे अर्जासाठी एसएफ-424, बजेटसाठी एसएफ-424ए, आणि प्रपोजल. तुमच्या एक्स्चेंजचा या कामाशी काय संबंध हे स्पष्ट हवं. "अमेरिकेत राहून माझी क्षितिजं विस्तारली" यातून कोणाला काही कळत नाही. तिथे एखाद्या गावात नागरिकांच्या स्वयंसेवी टीम पुरासाठी कशा तयार होतात ते बघितलं असेल, तर काय बघितलं आणि त्यातलं कुर्ल्याला काय लागू पडतं, काय पडत नाही, ते लिहा.

परिणाम कसा मोजणार हा भाग लोक शेवटच्या रात्री लिहितात आणि तो तसाच दिसतो. नुसतं किती लोक आले हे पुरत नाही. सुरुवातीला घरोघरी चार साधे प्रश्न विचारा: 1916 माहितीये का, कागदपत्रं कुठे आहेत, मेन स्विच कुठे आहे, पुढची मोठी भरती कधी. तेच प्रश्न त्याच घरांत जूनमध्ये परत विचारा. दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवले की तुमचं मूल्यमापन तयार.

निवड झाल्यावर

करारावर सही करायच्या आधी खर्चाच्या अटी पार्टनरच्या अकाउंटंटसोबत परत वाचा आणि बजेटमध्ये बदल लागला तर आधी लेखी मंजुरी घ्या, मग खर्च करा. पेमेंट बँकेतून, कच्ची पावती नको, पक्कं बिल, संस्थेच्या नावाने. रिक्षाच्या भाड्याला बिल मिळत नाही तर तारीख, कुठून कुठे, कशासाठी आणि सही असं व्हाउचर त्याच दिवशी भरा. हजेरीपटावर नाव, गल्ली आणि सही किंवा अंगठा घ्या, आधार नंबर अजिबात घेऊ नका, त्याची गरज नाही आणि बायका उगाच घाबरतात.

रिपोर्टसाठी दर वर्कशॉपनंतर त्याच रात्री पंधरा ओळी लिहून ग्रुपवर टाकायची सवय लावा, तिमाही रिपोर्ट मग आपोआप जमतो. काय जमलं नाही तेही लिहा, ग्रँट देणाऱ्यांना ते वाचायचं असतं. ग्रँटची कागदपत्रं शेवटच्या आर्थिक रिपोर्टनंतर किमान तीन वर्षं जपून ठेवावी लागतात. पार्टनर संस्थेला त्या आर्थिक वर्षाचा एफसी-4 रिटर्न (परदेशी पैशाचा वार्षिक हिशोब) 31 डिसेंबरच्या आत भरायचा असतो, त्यात हा पैसाही दाखवायला लागतो, म्हणून बिलांची फाइल एप्रिलमध्येच त्यांच्या ऑफिसात नेऊन द्या आणि पोचपावती घ्या.